पातेल्यातला पाऊस, बाटलीतली थंडी

पुण्यात अप्पा बळवंत चौकात मुलांचे तक्ते विकणारी कितीतरी दुकानं आहेत. फळं, भाज्या, वाहनं, शरीराचे अवयव आणि त्याच रांगेत 'ऋतू'. ऋतूंच्या तक्त्यात एक चौकोन हमखास बर्फाच्या माणसाचा असतो: गाजराचं नाक, गळ्यात मफलर. शेजारच्या चौकोनात लालकेशरी पानं ढाळणारं झाड. हा तक्ता बारामतीत लागतो, चिपळूणला लागतो आणि चंद्रपूरलाही लागतो. साडेतीन वर्षांचं मूल बर्फाच्या माणसावर बोट ठेवून 'विंटर' म्हणतं आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. चंद्रपूरच्या त्या मुलानं मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासचं ऊन सोसलेलं असतं, अंगणातल्या फरशीवर पाय पोळून घेतलेले असतात. तक्त्यात त्या फरशीला जागा नाही.

तक्त्याच्या जोडीला हल्ली मोबाइल आहे. 'प्रीस्कूल वेदर ॲक्टिव्हिटी' शोधलं की काचेच्या बरणीतलं पाणी, त्यावर दाढीच्या फेसाचा ढग आणि ढगातून टपकणारा निळा रंग, असा व्हिडिओ पुढ्यात येतो. दिसतो झकास. पण फेस आणायचा, रंग कालवायचा, ड्रॉपर धरायचा आणि शेवटी ओटा पुसायचा, हे सगळं आई करते. मूल पाच मिनिटं बघतं आणि मग फेस चाखायला जातं. ढगाबद्दल त्याला कळतं ते एवढंच, की तो फेसाचा असतो.

या लेखाच्या निमित्तानं काही बालवाडीताईंशी, लहान मुलांच्या आईबाबांशी आणि घर सांभाळणाऱ्या आज्यांशी बोलणं झालं. त्यातून माझं मत पक्कं झालं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला हवामान कळायला बाजारातून काही आणावं लागत नाही. घरात रोज जे वाळतं, भिजतं, गोठतं, घामेजतं आणि कुबट वास मारतं, तेच साहित्य. मोठ्यांची कामं दोन. ते मुलाच्या हाती लागू द्यायचं आणि उत्तर सांगायची घाई करायची नाही. दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम करून आल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. माँटेसरीची आखीव लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं, खडे, माती हेच साधन झालं. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. गुरांमागे फिरणाऱ्या मुलाला ढग कुठून चढतो हे शिकवायला तक्ता कशाला हवा? आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं (२०२०) तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा म्हणून मांडलं आहे, त्यात खेळ आणि परिसर यांवर भर आहे. चांगलंच आहे. पण ज्या फ्लॅटमध्ये मूल राहतं तिथला परिसर म्हणजे एक गॅलरी, एक खिडकी आणि स्वयंपाकघर. तेवढ्यात काय होतं ते पाहू.

पावसापासून सुरुवात करू, कारण मुलांचा सगळ्यात लाडका तोच. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवला की पर्जन्यमापक होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. फसतं ते पुढे. बाटलीचं बूड खाचाखोचांचं असतं, त्यामुळे तळाशी मोजमाप चुकतं. म्हणून आधी बारीक खडे घालायचे, ते बुडतील इतकं पाणी ओतायचं आणि त्या पातळीला रंगीत चिकटपट्टी लावायची. ही आपली शून्याची रेघ. कापलेली कड बोटाला लागते, तिच्यावरही चिकटपट्टी हवी. बाटली गच्चीत उघड्यावर, भिंतीपासून लांब, दोन विटांच्या मधे उभी करायची. पागोळ्यांखाली ठेवलीत तर पाऊस मोजला जात नाही, छपराचं पाणी मोजलं जातं.

हवामान खातं चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतं. मुलालाही हीच वेळ द्यावी. 'खात्याचे काका आत्ता बघत असतील' एवढं सांगितलं तरी त्याच्या बघण्याला वजन येतं. मिलिमीटर या वयात कामाचे नाहीत. रेघेच्या वर पाणी जितकं चढलं असेल तितकी कागदाची पट्टी कापायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला ओळीनं चिकटवत जायची. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी जागा रिकामी. आठवडाभरात भिंतीवर आलेख उभा राहतो. त्याला आलेख म्हणतात हे मुलाला कळलं नाही तरी काही बिघडत नाही. 'सगळ्यात उंच कुठली?' आणि 'त्या दिवशी आपण काय केलं होतं?' हे दोन प्रश्न पुरतात. डोंबिवलीतल्या एका घरात अशी सबंध जुलैची पट्टी पाहिली. एका ठिकाणी ती एवढी उंच होती की कागद पुरला नव्हता आणि वर दुसरा जोडला होता. 'त्या दिवशी बाबा ट्रेनमध्ये अडकला', पाच वर्षांच्या मुलीनं सांगितलं. पट्टीकडे पाहून तिला तो दिवस वाचता येत होता.

मोठ्यांना आकडे हवे असतील तर हे घ्या. दिवसभरात २.५ मिलिमीटर पडला तर खात्याच्या लेखी तो पावसाचा दिवस. ६४.५ पासून पुढे जोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. ऑरेंज अलर्ट आणि शाळेची सुट्टी हे शब्द मुलांच्या कानावर पडतच असतात. ६४.५ मिलिमीटरची पट्टी कापून दाखवली तर ती चार वर्षांच्या मुलाच्या मधल्या बोटाहून लांब भरते. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वर्तमानपत्राच्या कागदाची तेवढी पट्टी दाराला चिकटवा आणि तीन वर्षांच्या मुलाला शेजारी उभं करा. या वयाच्या मुलाची सरासरी उंची तितकीच, ९५ सेंटिमीटरच्या जवळपास असते.

बाटली रोज शून्याच्या रेघेपर्यंत रिकामी करायची आणि खड्यांतलं पाणीही दोन-तीन दिवसांनी बदलायचं. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं.

याहून गमतीचा प्रयोग पातेल्याचा आहे. सरळ कडांचं एक रुंद पातेलं आणि सरळ उभा काचेचा ग्लास शेजारी शेजारी पावसात ठेवा. (स्टीलचे पेले बहुधा वर पसरट असतात, ते इथे चालत नाहीत.) तासाभरानं दोन्हींत बोट बुडवायला सांगा. पाणी सारखंच उंच! बऱ्याच मोठ्या माणसांनाही याचा धक्का बसतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी हे पाठ असलेली माणसंही ग्लासात पाणी जास्त चढेल असं आधी सांगतात. आता पातेल्यातलं पाणी ग्लासात ओता. ग्लास भरून वाहू लागतो आणि मूल खिदळतं. 'पाणी वाढलं!' स्वीस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेनं हेच टिपलं होतं. साधारण सातव्या वर्षाच्या आत मुलं उंच, निमुळत्या भांड्यात पाणी जास्त आहे असंच मानतात. त्यांना समजावून सांगून उपयोग होत नाही. 'परत पातेल्यात ओतून बघ बरं' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. मूल वीस वेळा ओततं. त्याला ओतू द्या, लादी पुसायची तयारी ठेवा.

पियाजेनं लहान मुलांना सूर्य, ढग, वारा यांच्याबद्दलही विचारलं होतं. आपण चाललो की ढग चालतात, सूर्य आपल्या मागे येतो, अशी उत्तरं त्याच्या १९२६ च्या पुस्तकात आहेत. आपल्याकडचं मूलही चांदोबा रिक्षाबरोबर घरापर्यंत आला असं सांगतंच. ते खोडून काढण्यापेक्षा 'आपण थांबलो तर तो थांबतो का?' असं विचारलं तर मूल खरोखर थांबून बघतं. हवामानाचा अभ्यास म्हणजे निम्माअधिक हे थांबून बघणंच.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ही घरोघरची कटकट. तिचा उपयोग करून घ्या. चार हातरुमाल भिजवून मुलालाच पिळू द्यावेत. एक गॅलरीत, एक पंख्याखाली, एक न्हाणीघरात आणि एक घडी घालून टेबलावर. दर अर्ध्या तासानं गालाला लावून बघायचं. कुठला आधी वाळला? घडी घातलेला मागे का राहिला? ऊन, वारा, दमटपणा आणि पसरटपणा यांनी वाळणं बदलतं हे एका दुपारी हाताला कळतं. बाष्पीभवन हा शब्द दुसरी-तिसरीपर्यंत थांबू शकतो.

आता कोकमाचा पेला. मला स्वतःला या सगळ्यात हा खेळ सर्वात आवडतो. फ्रिजमधल्या पाण्याचं कोकम सरबत पेल्यात ओतायचं, दोन बर्फाचे तुकडे टाकायचे आणि पेला पुसून कोरडा करून मुलासमोर ठेवायचा. थोड्या वेळानं पेल्याला घाम फुटतो. 'हे पाणी कुठून आलं?' या प्रश्नाला लहान मुलांचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: पेल्यातून झिरपलं. ठाण्यातल्या एका आजींच्या समोर हे घडलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'असं होय? मग चाटून बघ की सोन्या.' नातवानं बाहेरचा थेंब चाटला. सपक. रंग लाल नाही, चव आंबटगोड नाही. तो पेल्याकडे, मग आजीकडे, परत पेल्याकडे बघत राहिला. आजींनी पुढे काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून गरम दुधाचा पेला पुसून समोर ठेवला आणि घाम फुटायची वाट बघत बसला. दुधावर साय धरली, पण घाम काही फुटला नाही. असा उलटा प्रयोग सुचणं ही चार वर्षांच्या वयात फार मोठी गोष्ट आहे. आजींनी पहिल्याच दिवशी 'हवेत बाष्प असतं' असं सांगून टाकलं असतं तर दुधाचा पेला आलाच नसता. हाच खेळ मुंबईत जुलैमध्ये झटकन होतो आणि नागपूरला मेच्या कोरड्या दुपारी रेंगाळतो. कोणाचे मामा-काका दुसऱ्या गावी असतील तर एकाच दिवशी फोन लावून दोन्हीकडचे पेले ताडून पाहावेत.

वीज कडाडली की मुलं घाबरतात. 'घाबरायचं नसतं' या वाक्यानं कोणाची भीती गेल्याचं ऐकिवात नाही. मोजायला लावलं तर मात्र भीतीला काम मिळतं. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत एक, दोन, तीन... साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. आकडा वाढत गेला तर वादळ लांब चाललं. पण हा खेळ घरातच, खिडकीपासून दूर बसून. तीसच्या आत गडगडाट आला तर वीज पडण्याच्या टप्प्यात आपण आहोत असं समजायचं, मग गच्ची नाही, अंगण नाही आणि झाडाचा आडोसा तर मुळीच नाही. महाराष्ट्रात दर वर्षी वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं दगावतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप मोठ्यांनी फोनवर ठेवावं. तुंबलेल्या पाण्यात खेळतानाही जपायला हवं: अंगणातल्या स्वच्छ डबक्यात उड्या मारायला हरकत नाही, रस्त्यावरच्या पाण्यात नाही, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

पंचांग या खेळात यावं की नाही, यावर माझ्याशी बोलणाऱ्यांत दोन तट पडले. माझा कौल यावं याला. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन असतं: कोल्हा, मोर, म्हैस, बेडूक, गाढव, हत्ती, उंदीर, मेंढा, घोडा. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस भरपूर असं मानलं जातं. हा काही वैज्ञानिक अंदाज नव्हे आणि मुलाला तसं सांगूही नये. पण दर तेरा-चौदा दिवसांनी पाऊस नव्या प्राण्यावर बसून येतो ही गोष्ट कुठल्या मुलाला आवडणार नाही? आणि आपल्याकडे बाटली आहेच. म्हशीच्या पट्ट्या उंच झाल्या की कोल्ह्याच्या, ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर दिसतं. पंचांगाला बाटलीनं तपासणं ही पहिली वैज्ञानिक सवय म्हणायला हरकत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागतो. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा भोंडला म्हणजे या वेळापत्रकातला शेवटचा पाऊस. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे भोंडल्याचा हत्ती आणि हवामान खातं यांचं इथे बऱ्यापैकी जमतं. आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत वासावरून, आवाजावरून ओळखणं हेही निरीक्षणच की.

वाऱ्यासाठी भिरभिरं पुरेसं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. गॅलरीच्या कठड्याला जुन्या ओढणीची चिंधी बांधून ठेवली तर मूल रोज येताजाता ती कुठे उडते ते बघतं. जूनमध्ये ती एकीकडे उडत होती, डिसेंबरमध्ये दुसरीकडे उडते, हे लक्षात आलं की मोसमी वाऱ्यांचं अर्धं प्रकरण झालं.

उन्हाळ्याचा अभ्यास पूर्वी गच्चीवर होत असे. पापड, कुरडया, सांडगे वाळत घालायचे आणि कावळे हाकलायला मुलं बसवायची. सावली सरकली की ताटं सरकवायची. आता वाळवणं विकत आणतो, पण निदान एक ताट बटाट्याचा कीस मुलासाठी घालावा. ओला कीस चमच्यानं खाऊन बघायचा, दुपारी बोटानं मोडून बघायचा, संध्याकाळी तो 'कड्' असा वाजतो की नाही ते ऐकायचं. सकाळी आठला, बाराला आणि पाचला खडूनं मुलाची सावली गच्चीवर गिरवली तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्याच पायांच्या खुणांवर उभं राहून ताडून बघतं. बाराच्या सावलीचं काम दोन मिनिटांत उरकावं आणि सूर्याकडे बघायचं नाही हे आधी बजावावं. पुण्यात १३ मेच्या आणि मुंबईत १५ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. उभी ठेवलेली बाटली आपली सावली गिळून बसते. जुलैच्या अखेरीस हे पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग बघू देतील तर. दिल्लीच्या मुलाला हा दिवस कधीच मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्या मुलांना तो वर्षातून दोनदा मिळतो आणि आपण तक्त्यावरचा बर्फ दाखवत बसतो.

बर्फाशी माझं भांडण नाही. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत वाढणाऱ्या मराठी मुलाला बर्फाचा माणूस हाच खिडकीबाहेरचा ऋतू आहे. त्यानं तो करावा, वितळलेलं पाणी भांड्यात धरून मोजावं. त्याच्या आजीनं सांगलीहून व्हिडिओ कॉलवर त्याला माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं दाखवावं. हवामानाची देवाणघेवाण अशी व्हावी, तक्त्यातून नको.

आणखी एक तक्रार इथेच नोंदवते. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर ही सहा नावं पाच वर्षांच्या मुलाकडून घोकून घेण्यात काय मिळतं? त्याच्या अंगाला तीनच ऋतू लागतात: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. फार तर ऑक्टोबरचा उकाडा हा चौथा. बाकीचे दोन-तीन कवितेसाठी मागे ठेवावेत.

हिवाळ्याचं साधन दिवाळीच्या दिवसांत बहुतेक घरांत असतं. अभ्यंगस्नानासाठी आणलेलं शुद्ध खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. सुगंधी मिश्रणाची बाटली नको, शुद्ध तेल हवं. ते एका छोट्या पारदर्शक बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून खिडकीत ठेवायचं. पहाटे उठल्याबरोबर मुलानं बघायचं: पातळ, दाट की पांढरं घट्ट? तीन खुणा पुरेत, पाण्यासारखं असेल तर एक थेंब काढायचा, धूसर असेल तर अर्धा रंगवलेला गोल, घट्ट असेल तर पूर्ण रंगवलेला. काही दिवसांत लक्षात येतं की तेल दुपारी परत पातळ होतं. स्वयंपाकघरात ठेवलेली बाटली आणि खिडकीतली बाटली वेगवेगळ्या वेळी गोठतात. पुण्या-नाशकात हा खेळ सकाळी बरेच दिवस चालतो, मुंबई-कोकणात थंडीची लाट यावी लागते आणि त्या सकाळी मूल घरभर ओरडत बातमी देतं. तेल थोडं धूसर झाल्यावर लगेच घट्ट का होत नाही, असं मुलानं विचारलं तर उत्तर देऊ नका. त्याला बघत बसायला सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाच्या वर जाऊ नये आणि हालचालीचा वेळ निदान तीन तास असावा. बाटली बघायला उठणं, गच्चीवर चढणं, रुमाल पिळणं हे सगळं त्या तीन तासांत धरा.

हा अंक हाती पडेल तेव्हा तेलाच्या बाटलीचा हंगाम तोंडावर आला असेल. ती याच आठवड्यात खिडकीत ठेवा. सावलीच्या खडूला मेपर्यंत आणि पावसाच्या बाटलीला जूनपर्यंत अवकाश आहे. तळाशी घालायचे खडे मात्र दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा नदीकाठून मुलांकडूनच वेचून आणा.